विश्लेषण : धूम्रपानमुक्त वैद्यकीय परिसर – फलकाबरोबर उपचारही हवा

बेंगळुरू : शहरातील होसूर रस्ता आणि त्यालगतच्या भागात थोड्याच अंतरावर अनेक मोठ्या सार्वजनिक रुग्णसंस्था एकवटल्या आहेत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञान संस्था म्हणजेच निम्हान्स, किदवई स्मारक कर्करोग संस्था, राजीव गांधी छातीरोग संस्था आणि इंदिरा गांधी बालआरोग्य संस्था या चारही संस्थांमध्ये कर्नाटकाबरोबरच शेजारच्या राज्यांतील रुग्णही येतात. मन, फुप्फुसे, कर्करोग आणि बालकांचे आजार अशी त्यांची क्षेत्रे भिन्न असली, तरी तंबाखू हा या सर्वांना जोडणारा विषय आहे. त्यामुळे वैद्यकीय परिसर धूम्रपानमुक्त करणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी बेंगळुरूइतके योग्य शहर देशात क्वचितच सापडेल.

कर्नाटकाने मे २०२५ मध्ये तंबाखू नियंत्रण कायद्यातील आपली दुरुस्ती लागू केल्यानंतर या प्रश्नाला नवे महत्त्व आले आहे. दंड वाढला, विक्रीची वयोमर्यादा वाढली, शिक्षणसंस्थांभोवतीच्या विक्रीबंदीचे अंतर नव्याने निश्चित झाले. परंतु रुग्णालयाचे आवार हे बाजारपेठ किंवा बसस्थानकासारखे सार्वजनिक ठिकाण नसते. तेथे येणारा माणूस बहुधा आजारी असतो, किंवा आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढून आलेला असतो. काही रुग्णांना तर वॉर्डाबाहेर पडण्याचीही मुभा नसते. अशा ठिकाणी केवळ मनाई करून थांबणारे धोरण अपुरे ठरते. ज्याच्यावर बंदी घातली, त्याला व्यसनातून बाहेर काढण्याची व्यवस्था त्याच आवारात उपलब्ध आहे की नाही, हीच अशा धोरणाची खरी कसोटी आहे.

न्यायालयापासून कायद्यापर्यंत

भारतात सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्धची लढाई प्रथम न्यायालयांत लढली गेली. केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सार्वजनिक धूम्रपानाविरुद्ध निर्णय दिला. त्यानंतर मुंबईचे माजी महापौर आणि काँग्रेसचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी देशव्यापी आदेश दिला. धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तीला दुसऱ्याच्या धुरामुळे अपाय होत असेल, तर तिच्या जीविताच्या मूलभूत हक्काचे ते उल्लंघन आहे, हे या आदेशामागील सूत्र होते. ज्या ठिकाणी धूम्रपान थांबवण्यास न्यायालयाने सांगितले, त्यांत रुग्णालयांच्या इमारती आणि आरोग्यसंस्था यांचा स्पष्ट उल्लेख होता.

त्यानंतर २००३ मध्ये संसदेने सिगारेट आणि अन्य तंबाखूजन्य उत्पादने कायदा संमत केला. त्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास मनाई केली, तर सहाव्या कलमाने अल्पवयीनांना आणि शिक्षणसंस्थांपासून १०० यार्डांच्या परिघात तंबाखूविक्रीस बंदी घातली. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनी कार्यालये आणि अन्य कामाची ठिकाणेही या बंदीच्या कक्षेत आणली. प्रवेशद्वारावर ठळक फलक असावा, तक्रार कोणाकडे करावी त्या व्यक्तीचे नाव त्यावर असावे, आवारात राखदाणी, काडेपेटी किंवा लायटर पुरवले जाऊ नयेत, अशी जबाबदारी संस्थेच्या प्रमुखांवर टाकण्यात आली. तक्रार होऊनही कारवाई न केल्यास दंडाची झळ प्रमुखांनाही बसते.

तरीही रुग्णालयांच्या बाबतीत कायद्याच्या शब्दांत एक फट राहिली आहे. कायद्यातील 'सार्वजनिक ठिकाण' या व्याख्येत 'रुग्णालयाच्या इमारती' असा शब्दप्रयोग आहे आणि मोकळी जागा त्या व्याख्येतून वगळलेली आहे. २००८ च्या नियमांनी लोकांची वर्दळ असलेल्या काही उघड्या जागा, उदाहरणार्थ स्टेडियम, रेल्वे स्थानक, बसथांबे, पुन्हा बंदीखाली आणल्या. त्याच धर्तीवर रुग्णालयाच्या अंगणाचाही समावेश होतो, असा अर्थ लावता येतो. मात्र वाहनतळ, उपाहारगृहामागची मोकळी जागा, झाडाखालचा पार किंवा दोन इमारतींमधला रस्ता यांबाबत वाद उपस्थित होऊ शकतो. वैद्यकीय महाविद्यालयाचे आवार असेल, तर संस्थेला भक्कम आधार मिळतो. कारण शिक्षणसंस्थांचा उल्लेख करताना कायद्याने 'इमारती' हा शब्द वापरलेला नाही.

या संदिग्धतेमुळेच संस्थेच्या स्वतःच्या धोरणाला महत्त्व प्राप्त होते. कायदा इमारतीच्या उंबरठ्यापर्यंत निःसंदिग्धपणे येतो. तेथून कुंपणापर्यंतचे अंतर संस्थेला आपल्या नियमांनी भरून काढावे लागते. कर्मचाऱ्यांचे सेवानियम, विद्यार्थ्यांची आचारसंहिता, कंत्राटदारांशी होणारे करार आणि रुग्णाला दाखल करून घेताना दिली जाणारी माहिती या चारही ठिकाणी त्याची नोंद झाली, तरच धोरण कागदावरून आवारात उतरते.

कर्नाटकाची दुरुस्ती आणि तिची मर्यादा

कर्नाटक विधिमंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये संमत केलेल्या दुरुस्ती विधेयकाला मे २०२५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि महिनाअखेरीस ते अधिसूचित झाले. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्याबद्दलचा कमाल दंड २०० रुपयांवरून १००० रुपयांवर गेला. तंबाखूजन्य पदार्थ विकत घेण्याची किमान वयोमर्यादा १८ वरून २१ वर्षे झाली. शिक्षणसंस्थांपासून १०० मीटरच्या आत विक्रीला मनाई करण्यात आली. सार्वजनिक ठिकाणी तंबाखू खाऊन थुंकणेही प्रतिबंधित ठरले. हुक्का पार्लर चालवणाऱ्यांसाठी एक ते तीन वर्षांच्या कारावासाची आणि ५० हजार ते एक लाख रुपये दंडाची तरतूद करण्यात आली.

वैद्यकीय महाविद्यालयांच्या दृष्टीने यातील दोन तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत. एमबीबीएसच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतील बहुतेक विद्यार्थी २१ वर्षांखालील असतात. म्हणजेच पुढे इतरांना तंबाखू सोडण्याचा सल्ला देणाऱ्या या तरुणांना सिगारेट विकणे आता कर्नाटकात कायदेशीर राहिलेले नाही. दुसरे, महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरील विक्रीबंदीची रेषा. बेंगळुरूत चहा, बिस्किटे आणि सिगारेट विकणारी छोटी दुकाने 'कॉन्डिमेंट्स' या नावाने ओळखली जातात. महाराष्ट्रातील पानटपरीचेच हे तेथील रूप. रुग्णाचे नातेवाईक, निवासी डॉक्टर आणि वॉर्डातील कर्मचारी या सर्वांचा दिवसातील मोकळा वेळ अशा दुकानांपुढेच जातो. आवारात बंदी घालायची आणि फाटकाला लागून विक्री चालू ठेवायची, तर धूर केवळ काही पावले सरकतो आणि रुग्णालयात शिरणाऱ्या प्रत्येकाला त्यातूनच वाट काढावी लागते.

पण दंड कितीही वाढवला, तरी त्याचा उपयोग एका मर्यादेपर्यंतच होतो. ज्याला सवय नाही किंवा जो अधूनमधून ओढतो, त्याला दंडाची भीती पुरते. निकोटिनवर शारीरिकदृष्ट्या अवलंबून असलेल्या माणसाचे तसे नसते. शेवटची सिगारेट किंवा विडी विझल्यापासून काही तासांतच त्याला अस्वस्थता, चिडचिड, एकाग्रतेचा अभाव आणि निद्रानाश जाणवू लागतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत हा त्रास सर्वाधिक असतो आणि ओसरायला दोन ते चार आठवडे लागतात. रुग्णालयातील सर्वसाधारण मुक्काम नेमका याच सर्वांत कठीण दिवसांचा असतो.

आवारातील चार समूह

वैद्यकीय परिसरात धोरणाचा परिणाम होणारे चार समूह असतात आणि चौघांच्या अडचणी वेगळ्या असतात. पहिला समूह रुग्णांचा. शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे तंबाखू सोडली, तर गुंतागुंतीचे प्रमाण घटते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये उपलब्ध पुराव्यांच्या आधारे नमूद केले. धूम्रपानामुळे जखम भरण्यास वेळ लागतो, संसर्गाचा धोका वाढतो आणि भुलीच्या काळात फुप्फुसांवर ताण येतो. त्याखेरीज प्राणवायूची नळी लावलेल्या रुग्णाजवळ पेटती काडी म्हणजे आगीला निमंत्रण असते. म्हणून रुग्णाच्या बाबतीत धूम्रपानबंदी हा उपचाराचाच भाग ठरतो.

दुसरा समूह नातेवाइकांचा. भारतीय सार्वजनिक रुग्णालयांत रुग्णाबरोबर एक-दोन माणसे राहतात, तीच औषधे आणतात, चाचण्यांच्या रांगेत उभी राहतात आणि रात्री व्हरांड्यात पथारी टाकतात. त्यांची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही. त्यामुळे त्यांच्या व्यसनाची दखल घेणारीही कोणतीच यंत्रणा नसते. तिसरा समूह कर्मचाऱ्यांचा. त्यात कायम सेवेतील डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासह कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक, रुग्णवाहिकाचालक हे सारे येतात. नियम मोडणाऱ्याला हटकण्याचे काम बहुतेकदा सर्वांत कमी पगाराच्या सुरक्षारक्षकावर येते. समोर वरिष्ठ डॉक्टर सिगारेट ओढत असतील, तर त्याने काय करावे, याचे उत्तर धोरणात लिहिलेले असावे लागते. चौथा समूह विद्यार्थ्यांचा. त्यांच्यासाठी आवार म्हणजे वसतिगृह, ग्रंथालय आणि वर्गखोल्या यांसह त्यांचे घरच असते.

डॉक्टरांच्या स्वतःच्या सवयींचा या विषयाशी जुना संबंध आहे. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांच्या धूम्रपानाची नोंद घेण्यास सुरुवात केली. तो अभ्यास पुढे ५० वर्षे चालला. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुर्मान सरासरी दहा वर्षांनी घटते आणि वयाच्या तिशीत सवय सोडल्यास हे जवळपास सर्व नुकसान टळते, असा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीत सोडणाऱ्यालाही सुमारे सहा वर्षांचे आयुष्य परत मिळते. धूम्रपानाच्या हानीचा सर्वांत भक्कम पुरावा डॉक्टरांच्याच आरोग्यनोंदींतून मिळाला. वैद्यकीय महाविद्यालयाने धूम्रपानमुक्त होण्यासाठी याहून सबळ कारण शोधण्याची आवश्यकता नाही.

मनोरुग्णांचा वॉर्ड : सर्वांत अवघड परीक्षा

धूम्रपानमुक्त धोरणाची खरी कसोटी मानसिक आरोग्याच्या वॉर्डात लागते. जगभरातील मनोरुग्णालयांत दीर्घकाळ सिगारेट हे शिस्तीचे आणि बक्षिसाचे साधन होते. रुग्ण शांत राहिला तर सिगारेट, ऐकले नाही तर ती बंद, असा व्यवहार चालत असे. तीव्र मानसिक आजार असलेल्यांमध्ये धूम्रपानाचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते आणि त्यांच्या अकाली मृत्यूला हृदयविकार आणि फुप्फुसांचे आजार मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरतात, हे आता सर्वमान्य आहे. तरीही 'या बिचाऱ्यांना तेवढाच विरंगुळा' या सहानुभूतीपोटी त्यांना तंबाखूविरोधी उपचारांतून वगळले जात असे. सहानुभूतीच्या पोटी झाली असली, तरी उपचारांतील ही उपेक्षाच होती.

यात औषधशास्त्राचा एक महत्त्वाचा मुद्दा आहे, जो सामान्य वाचकाला क्वचितच ठाऊक असतो. तंबाखूच्या धुरातील काही रसायने यकृतातील एका एन्झाइमची क्रिया वेगवान करतात. क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही स्किझोफ्रेनियावरील औषधे याच एन्झाइमद्वारे शरीरातून बाहेर टाकली जातात. परिणामी धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तातील या औषधांचे प्रमाण कमी राहते आणि त्याला अधिक मात्रा द्यावी लागते. असा रुग्ण वॉर्डात दाखल झाला आणि त्याचे धूम्रपान अचानक थांबले, की काही दिवसांतच त्याच मात्रेने औषधाचे रक्तातील प्रमाण वाढू लागते. गुंगी, अशक्तपणा आणि क्लोझापिनच्या बाबतीत झटके येण्यासारखे गंभीर दुष्परिणाम संभवतात. हा परिणाम निकोटिनचा नसून धुराचा असल्याने निकोटिनचा पॅच किंवा गोळी देऊन तो टळत नाही. उलट, घरी परतल्यावर रुग्णाने पुन्हा ओढायला सुरुवात केली, तर औषध अपुरे पडून आजार उलटू शकतो.

याचा अर्थ सरळ आहे. मानसोपचार वॉर्डात धूम्रपानबंदी लागू करण्याचा निर्णय केवळ प्रशासकीय असू शकत नाही. दाखल करतानाच रुग्ण काय आणि किती ओढतो याची नोंद, औषधांच्या मात्रेचा फेरविचार, रक्तचाचणी आणि घरी सोडताना कुटुंबीयांना स्पष्ट सूचना ही साखळी पूर्ण झाली पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाच्या प्रतिष्ठेने जगण्याच्या हक्काला मान्यता दिली आहे. बंद वॉर्डातील रुग्ण फाटकाबाहेर जाऊन ओढू शकत नाही. त्याच्यावरील बंदी इतरांपेक्षा अधिक संपूर्ण असते. म्हणून त्याला मिळणारी मदतही अधिक संपूर्ण असणे हा न्यायाचा भाग आहे.

इंग्लंडचा अनुभव

या बाबतीत इंग्लंडचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे १ जुलै २००७ पासून बंदिस्त सार्वजनिक जागा धूम्रपानमुक्त झाल्या. मानसिक आरोग्य संस्थांना मात्र तयारीसाठी एक वर्षाची सवलत मिळाली आणि १ जुलै २००८ पासून त्यांनाही नियम लागू झाला. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेने रुग्णालयांची मोकळी मैदानेदेखील धूम्रपानमुक्त करण्याची शिफारस केली. इमारतीकडून आवाराकडे जाण्याचा हा टप्पा भारतातील आजच्या प्रश्नाशी मिळताजुळता आहे.

बंदीमुळे रुग्ण हिंसक होतील, ही कर्मचाऱ्यांची सर्वांत मोठी भीती होती. दक्षिण लंडनमधील मॉडस्ली रुग्णालयाशी संलग्न मोठ्या मानसिक आरोग्य संस्थेने २०१४ मध्ये संपूर्ण आवारासाठी धोरण लागू केले. त्यानंतरच्या अभ्यासात शारीरिक हल्ल्यांचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. सिगारेट देण्या-न देण्यावरून, तिची वाट पाहण्यावरून आणि बाहेर सोडण्यावरून वॉर्डात खटके उडत असतात. ते कारणच नाहीसे झाले, तर तणाव घटू शकतो, हे त्यामागचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. मात्र या धोरणाबरोबर कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि दाखल होताच निकोटिन पर्यायी उपचार देण्याची व्यवस्था होती, हे विसरून चालणार नाही.

या तुलनेला एक मर्यादाही आहे. इंग्लंडमधील अनेक संस्थांनी ई-सिगारेटचा पर्याय काही प्रमाणात खुला ठेवला. भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेशाद्वारे आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायद्याद्वारे ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर बंदी घातली. त्यामुळे येथील रुग्णालयांना समुपदेशन आणि औषधोपचार याच दोन आधारांवर उभे राहावे लागणार आहे.

'धूम्रपानमुक्त' की 'तंबाखूमुक्त'?

पाश्चात्त्य धोरण जसेच्या तसे उचलण्यात आणखी एक धोका आहे. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या दुसऱ्या फेरीनुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करतात. त्यांत धूम्रपान करणारे १०.७ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २१.४ टक्के आहेत. कर्नाटकात हे प्रमाण अनुक्रमे ८.८ आणि १६.३ टक्के आहे. महाराष्ट्राचे चित्र तर अधिकच वेगळे दिसते. तेथे धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, पण धूरविरहित तंबाखू वापरणारे तब्बल २४.४ टक्के आहेत. तंबाखू-चुन्याची चिमूट, घराघरांतील मिश्री, विदर्भातील खर्रा आणि बंदीनंतरही हाती लागणारा गुटखा ही महाराष्ट्रातील तंबाखूची मुख्य रूपे होत.

म्हणून महाराष्ट्रातील एखाद्या रुग्णालयाने केवळ 'धूम्रपान निषिद्ध' असा फलक लावला, तर तंबाखू वापरणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक त्या धोरणाच्या कक्षेतच येत नाहीत. सीमाभागातून उपचारासाठी बेंगळुरूला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हेच लागू पडते. मुखकर्करोगाच्या ओझ्याखाली वाकलेल्या देशात वैद्यकीय परिसराचे धोरण 'तंबाखूमुक्त' असणे आवश्यक आहे. जिन्याच्या कोपऱ्यांतील लाल पिचकाऱ्यांचा संबंध अस्वच्छतेपुरता नाही. थुंकीवाटे क्षयासारख्या रोगांच्या प्रसाराची चिंता छातीरोग रुग्णालयांनी अधिक गांभीर्याने करायला हवी. कर्नाटकाच्या दुरुस्तीत थुंकण्याचा समावेश झाला, ही त्या दृष्टीने योग्य दिशा आहे.

साधने आहेत, साखळी अपुरी

सुदैवाने उपचाराची साधने देशात उपलब्ध आहेत आणि त्यांतील काही बेंगळुरूतच आहेत. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१२ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरलेल्या निम्हान्समध्ये व्यसनमुक्ती उपचारांचे स्वतंत्र केंद्र आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये दिल्लीतील वल्लभभाई पटेल छातीरोग संस्थेत तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी निःशुल्क दूरध्वनी सेवा सुरू केली. २०१८ मध्ये तिचा विस्तार करून बेंगळुरूतील निम्हान्स, मुंबईतील टाटा स्मारक आणि गुवाहाटी येथील कर्करोग संस्था यांना प्रादेशिक केंद्रे बनवण्यात आले. १८००-११-२३५६ हा क्रमांक सप्टेंबर २०१८ पासून तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापणे बंधनकारक आहे.

औषधांच्या बाबतीतही पाया तयार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये निकोटिन पर्यायी उपचारांचा आणि २०२१ मध्ये बुप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन या औषधांचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत निकोटिन पर्यायी उपचारांना स्थान मिळाले. तंबाखू खाल्ल्याने ज्यांचे तोंड पुरेसे उघडत नाही, त्यांना च्युइंगम चघळणे कठीण जाते आणि त्यांच्यासाठी त्वचेवर लावायचा पॅच सोयीचा ठरतो. पण यादीत नाव असणे आणि रात्री दहा वाजता वॉर्डातील कपाटात पॅच उपलब्ध असणे यांत बरेच अंतर आहे.

हे अंतर किती मोठे आहे, याचा अंदाज त्याच सर्वेक्षणातून येतो. मागील १२ महिन्यांत आरोग्यसेवकाकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्के जणांनाच ते सोडण्याचा सल्ला मिळाला होता. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांत हे प्रमाण अवघे ३१.७ टक्के होते. दुसरीकडे धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के जण सवय सोडण्याचा विचार किंवा बेत करत होते. म्हणजे सोडण्याची इच्छा असलेला माणूस डॉक्टरांच्या दारापर्यंत येतो आणि अनेकदा त्या विषयावर एकही शब्द न ऐकता परत जातो. वैद्यकीय परिसराचे धोरण या ठिकाणी सर्वाधिक उपयोगी ठरू शकते. प्रत्येक केसपेपरवर रक्तदाबाप्रमाणे तंबाखूसेवनाचा रकाना असणे आणि होकार आल्यास दोन-तीन मिनिटांचा सल्ला व पुढील उपचारकेंद्राचा पत्ता देणे, यासाठी मोठा खर्च लागत नाही.

भारताने २००४ मध्ये मान्यता दिलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण करारात ही दोन्ही अंगे शेजारी आहेत. करारातील आठवा अनुच्छेद लोकांचे तंबाखूच्या धुरापासून रक्षण करण्यास सांगतो, तर चौदावा अनुच्छेद तंबाखूवरील अवलंबित्वाच्या उपचारांची व्यवस्था करण्यास सांगतो. देशातील अंमलबजावणी आठव्या अनुच्छेदाकडे अधिक झुकलेली आहे, कारण फलक लावणे आणि दंडाची पावती फाडणे मोजता येते. चौदाव्या अनुच्छेदाचे काम सावकाश चालते आणि ते अहवालात उठून दिसत नाही.

उत्पादक राज्याचे कोडे

कर्नाटकाच्या बाबतीत हा प्रश्न आर्थिक अंगानेही गुंतागुंतीचा आहे. म्हैसूर भागातील हुणसूर, पेरियापट्टण हे तालुके सिगारेटच्या तंबाखूसाठी ओळखले जातात. मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेल्या निपाणीची ओळख तर विडीच्या तंबाखूशी जोडलेली आहे. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथे झालेले तंबाखू उत्पादकांचे आंदोलन महाराष्ट्रालाही स्मरते. या पिकावर आणि विडीच्या व्यवसायावर हजारो कुटुंबे जगतात. एका रुग्णालयाच्या धोरणाने त्यांच्या उपजीविकेवर लगेच परिणाम होणार नाही. पण ज्या राज्याच्या शेतात तंबाखू पिकते, त्याच राज्याच्या राजधानीत तिच्यामुळे होणाऱ्या आजारांवर उपचार होतात. या नफा-तोट्याच्या हिशेबात तोट्याची बाजूही नीट मांडली जावी, ही अपेक्षा रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार ३५ वर्षांवरील व्यक्तींमधील तंबाखूजन्य आजार आणि मृत्यू यांमुळे २०१७-१८ मध्ये देशावर १ लाख ७७ हजार ३४१ कोटी रुपयांचा आर्थिक भार पडला.

पुढील वाट

या पार्श्वभूमीवर वैद्यकीय परिसरासाठी योग्य क्रम कोणता, हे बऱ्याच अंशी स्पष्ट आहे. धोरण लागू होण्याची तारीख आधी जाहीर करून काही महिन्यांची तयारी हवी. त्या काळात कर्मचाऱ्यांपैकी सवय असलेल्यांना प्रथम उपचार मिळावेत, कारण पुढे तेच इतरांना सांगणार असतात. तारखेच्या दिवशी वॉर्डात निकोटिन पर्यायी औषधे हजर असावीत आणि ती लिहून देण्याचा अधिकार प्रत्येक निवासी डॉक्टरला असावा. नातेवाइकांसाठी प्रतीक्षाकक्षात समुपदेशकाची वेळ ठरलेली असावी. बेंगळुरूसारख्या बहुभाषक शहरात माहितीपत्रके कन्नडबरोबरच तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी आणि मराठीतही असावीत. फाटकाबाहेरील विक्रीबंदीसाठी महापालिका आणि पोलीस यांची नियमित तपासणी असावी. नियम मोडणाऱ्या वरिष्ठांना आणि कंत्राटी कामगारांना एकच न्याय लागू व्हावा. अन्यथा धोरणाचा भार केवळ दुर्बलांवर पडतो.

यशाचे मोजमापही बदलावे लागेल. किती पावत्या फाडल्या, यावरून धोरण पाळले जाते की मोडले जाते, एवढेच फार तर समजते. दाखल झालेल्यांपैकी किती जणांना तंबाखूविषयी विचारले, किती जणांना उपचार दिले आणि घरी गेल्यानंतर सहा महिन्यांनी त्यांच्यापैकी किती जण तंबाखूपासून दूर आहेत, हे आकडे रुग्णालयाने दरवर्षी जाहीर करावेत. हृदयशस्त्रक्रियेचा निकाल मोजणाऱ्या संस्थांना हे अवघड नाही.

रुग्णालयात दाखल होणे हा माणसाच्या आयुष्यातील एक दुर्मीळ थांबा असतो. भीतीने का होईना, त्या काळात तो स्वतःच्या सवयींकडे नव्याने पाहतो आणि घरातील माणसेही त्याच्या पाठीशी उभी असतात. बेंगळुरूतील आणि देशातील वैद्यकीय परिसरांनी त्या थांब्याचा उपयोग केवळ काडी विझवण्यापुरता केला, तर रुग्ण बाहेर पडताच फाटकाजवळ ती पुन्हा पेटेल. त्याच मुक्कामात त्याच्या उपचारांची सुरुवात झाली, तर तंबाखूशिवायचे पहिले काही दिवस त्याने रुग्णालयाच्या आधाराने काढलेले असतील. पुढील दिवसांसाठी मदतीचा पत्ताही त्याच्या हाती असेल.